पांढऱ्या मिशीची ओळख

खामगावात आमच्या कॉलनीत वीजमीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस दारावरची बेल कधी वाजवत नाही. मीटरच्या पेटीवर मात्र उघडण्याआधी दोनदा टकटक करतो, आतल्या कोळ्यांना कळावं म्हणून.

आमच्या पेटीतली तळहाताएवढी कोळीण त्यानंच मला दाखवली. "काकू, तोंडावर पांढरी मिशी पाहा, पाय खेकड्यावानी पसरले. हे घरातली आहे. झुरळं खाते, मानसाले काही करत नाई. झाडाच्या ढोलीत जाडी, केसाळ असते, तिच्यापासून दूर राहा." कोळिणीनं पोटाखाली अंड्यांची चपटी पांढरी टिकली धरली होती. ती आकड्यांवरून सरकेपर्यंत तो उन्हात उभा राहिला, मग फोटो काढला.

मी हे कौतुकानं कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. कुणा दीडशहाण्यानं निम्मं कापून वर कवटी चिकटवली: 'जीवघेणा कोळी. ओळख, पांढरी मिशी. दिसताच मारा.' आमची कॉलनी म्हणे शिकलेल्यांची. एकानंही मला विचारलं नाही. सरळ फवारे घेऊन निघाले, आमचीही पेटी सोडली नाही.

पुढच्या महिन्यात त्यानं टकटक करून पेटी उघडली. कोळीण पाय आखडून पडली होती, टिकली तशीच धरून. मी झालेलं सगळं सांगितलं, ग्रुपवाल्यांचा उद्धार केला. त्यानं ऐकून घेतलं आणि रीडिंगचा फोटो काढला.

"मिशीची वळख त मीच सांगतली होती," तो म्हणाला.

मग शेजारची पेटी त्यानं टकटक न करता उघडली.