खांदेमळणीचं आवतण

लेकरं घेऊन परदेशात जावं का, असं आजकालच्या सुना मला विचारतात. मी म्हणते, जा की! पण मागून रडू नका. अन् आलंच रडू तं दार लावून रडा. मी तसंच केलं.

लग्नानंतर आम्ही जालन्यात, मस्तगडाला एका खोलीत राहायचो. आमचे हे लोखंडाच्या कारखान्यात फिटर. यांना मस्कतला पाईपलाईनचं काम लागलं, अन् वर्षभरानं आम्हालाही बोलावणं आलं. लेक पाच वर्षांची, पोरगा कडेवर. भोकरदनजवळ आमचं गाव, तिथं निरोप घ्यायला गेल्तो तं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढून उठल्या न्हाईत. म्हणाल्या, "जा बाई. पण ध्यानात ठेव, ही लेकरं आता पाहुणी झाली. येतील, खातील, जातील."

माझं डोकंच फिरलं. "माझी लेकरं पाहुणी होणार न्हाईत," मी ताडकन बोलले. मामंजी मधी पडले म्हणून भांडण तिथंच मिटलं. पण तो शब्द माझ्यासंगं विमानात बसून आला.

मस्कतचं चांगलं सांगायचं तं, नळ सोडला की पाणी. मस्तगडात एका हंड्यासाठी मी किती बायांशी भांडले असेन! शाळा झकास. नवरा दिवस मावळता घरी, लेकरांच्या ताटाला ताट लावून जेवायला हजर. गावात हे सुख कोणत्या बाईला होतं? अन् वाईट? पोरगं तापानं फणफणलं तं "जरा धर गं याला" म्हणायला कोणी न्हाई. दिवसभर दार बंद. माझे वडील गेले तेव्हा मी पोचेपर्यंत तिसराही उरकल्ता. बापाचं तोंड दिसलं न्हाई. ते कशानंच भरून निघत न्हाई, कोणी काही म्हणो.

तिथल्या पहिल्याच पोळ्याला पंचाईत झाली. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून दुखावलेले बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे, अन् कानात म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मस्कतात बैल कुठून आणू? हे दिवसभर पाईप वाहून आल्ते, सदरा काढून पंख्याखाली बसल्ते. मी हसत म्हणलं, "हेच की आपल्या घरचे बैल!" लेकीनं वाटी उचलली, बापाचे खांदे चोळले अन् कानात आवतण दिलं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. मंग दरवर्षी तेच. बैल म्हणवून घ्यायला यांना कोण आनंद!

लेक दहा वर्षांची झाली त्या साली पोळा शाळेच्या सुटीत आला. आम्ही आदल्या दिवशीच गावी पोचलो. आत्याबाईंनी लेकरांना खुर्च्या टाकल्या, ट्रेमधी पाणी आणलं. लेक कपबशा उचलायला गेली तं म्हणाल्या, "राहू दे माय, पाहुणे कुठं भांडी उचलतात का?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलू काय? पोरगा गोठ्याच्या वासानं नाक दाबून उभा. मनात धसका बसला, ही बाई खरं तेच बोलली होती की काय!

सांजेला मामंजींनी बैल धुऊन आणले. लेक खुर्चीवरून उठली. "आबा, मी चोळू?" बैलानं मान झटकली, पण पोरगी मागं सरली न्हाई. दोन्ही बैलांचे खांदे चोळले, कानात आवतण दिलं. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ती वाटी घेऊन मामंजींकडं वळली. "आबा, सदरा काढा. आता तुमचे खांदे."

अंगणात भावकी जमल्ती. कोणीतरी फिसकन हसलं. आज्याला बैल करणारी नात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धावले, "अगं येडे, ते फक्त बैलांना करतात!"

"काहून? पप्पांना करतो ना आपण. ज्यानं ओझं वाहिलं त्याचे खांदे चोळायचे."

मी मस्करीत केलेलं, पोरीनं त्याची रीत धरल्ती. मामंजींनी मात्र निवांत सदरा काढला, अन् तिचं तोंड कानाला पुरावं म्हणून खाली वाकले. आवतण ऐकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "येतो माय," म्हणाले, "उद्या बराबर जेवायला येतो."

मंग लेक चुलीपाशी गेली. "आजी, आता तुझे." आत्याबाईंनी फुंकणी खाली ठेवली. मंग हळूच पदर सरकवून खांदा पुढं केला. आवतण ऐकलं. नुसतं नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरणाची डाळ शिजत होती. लेक आपली खुर्चीवर, चहाची वाट बघत. आतून आत्याबाई कडाडल्या, "ए भवाने! बसून काय राह्यली? आवतणं तू देत फिरली, अन् सैपाक मी एकटीनं करू का? ऊठ, पुरण वाटायला बस!"

लेक पळतच आत गेली. मी दाराआड उभी होते. ऊर असा भरून आला म्हणता! पाहुणीला भवाने कोणी म्हणत न्हाई.