मोटारीला फोन

पिंपळवंडीचा आमचा एक द्राक्षबागाईतदार शेजारी आळेफाट्यावर चहा पिता पिता विहिरीवरची मोटार चालू करायचा. स्टार्टरला सिमकार्ड बसवलेलं, फोन लागला की मोटार सुरू. पण आधी तो घरी फोन करून सावकाश विचारायचा, "विहिरीत कोण न्हाई ना?" रोज तेच. मी चिडवायचो, "राव, बेडकांनाबी विचारा!" तो मिशीत हसायचा.

शेती बघायला आम्ही दहा-बारा शेतकरी हॉलंडला गेलो. तिथं त्याचा फोन मुका झाला, माझा रोमिंगवर चालत होता. मला ऐट आली. "लावा इथनं मोटार, बघू दे मंडळींना!"

त्यानं माझ्या फोनवरून आधी घरीच लावला. कोणी उचलेना.

"मग नाय लावायची," तो म्हणाला.

मंडळी हसली. मी फोन काढून घेतला आणि त्याच्या मोबाइलात बघून मोटारीचा नंबर लावलाच. लागला नाही, घाईत देशाचा कोड राहिला होता. कोडसकट पुन्हा दाबतोय, तोच त्याच्या घरून उलटा फोन आला. स्पीकरवर वहिनी होत्या. "मगाशी तुमीच व्हता का? भाऊजी विहिरीत उतरल्यात, मोटार खोलून बसल्यात. माझ्या हातात दोर व्हता."

"वर आला की सांग," एवढंच तो बोलला. मग माझा फोन त्यानं स्वतःच्या खिशात घालून वर बटण लावलं.

मधे माझ्या बायकोचा फोन आला. त्यानं तो माझ्या कानाला धरला, हातात काही दिला नाही.