शून्य बाटल्या

आधीच सांगतो, हे ऐकून तुम्ही मला शहाणा म्हणणार नाही. पण चहा मी पाजतोय, तेव्हा ऐकावं तर लागेलच.

तेव्हा मी अंबडला, टोमॅटो सॉसच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं बघायचो. आमच्या मालकांनी, भाऊसाहेबांनी, बराच खर्च करून एक सिस्टिम बसवली होती. विक्री, साठा, सगळं रोज सकाळी प्रत्येक साहेबाच्या स्क्रीनवर. वर्षभरानं ते मला म्हणाले, हे नक्की कोण वाचतं आणि त्याचा उपयोग काय होतो, ते मोजून सांगा.

आता हे मोजणार कसं? स्क्रीन कोणी उघडली, एवढं मला दिसायचं. उघडायचे सगळेच. पण वाचतात, की समोर बसून नुसता चहा पितात? या विचारानं मला जेवण गोड लागेना. एका रात्री बायको म्हणाली, "आमटीत मीठच घातलं नाही मी. बघत होते, तुमचं लक्ष आहे का."

झालं, मला युक्ती सुचली!

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या बाटल्यांच्या साठ्यापुढे मी शून्य टाकलं. गोदाम तर बाटल्यांनी भरलेलं. जो वाचेल तो फोन करेलच ना?

मी फोनपाशी बसलो. उठलो, बसलो. बंद तर नाही ना, म्हणून रिसीव्हर कानाला लावून बघितला. लघवीला जायचीही चोरी. संध्याकाळपर्यंत एक फोन नाही. शेवटी आकडा दुरुस्त केला आणि भाऊसाहेबांसाठी अहवाल लिहिला: सिस्टिम कोणीही वाचत नाही.

सकाळी तो घेऊन आलो, तर गेटवर ट्रकची रांग. खरेदी विभागातले निकम घाम पुसत उभे. काल शून्य बघितल्याबरोबर त्यांनी मिळतील तिथून बाटल्या मागवल्या होत्या.

"अहो, मला एक फोन तरी करायचा," मी म्हटलं.

"उगा तुम्हाला कशाला तरास? तुमचा आकडा कधी चुकतो का?"

गोदामात जागाच नव्हती. बाटल्या कँटीनमध्ये गेल्या, सायकल स्टँडवर गेल्या, उरलेल्या माझ्या केबिनमध्ये आल्या. त्यांतून वाट काढत भाऊसाहेब आत आले. मी सगळं सांगून टाकलं, आमटीसकट.

ऐकून ते म्हणाले, "सिस्टिमचा उपयोग होतो, हे कळलं. आता तुमचा काय उपयोग होतो, तेवढं मोजून आणा."