बुधवारची टीम, दिवेकरचा शनिवार

जिंकणाऱ्या टीमबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नसतं. स्कोअर सांगितला की झालं. हरणाऱ्या टीमचं तसं नाही. कसे हरलो हे सांगायला दोन कप चहा लागतो, आणि दर आठवड्याला हरत गेलं की वर्षाअखेर गोष्टींचा ढीग होतो. माझ्या डायऱ्या उघडल्या की हेच दिसतं. इतर दिवशी तीन ओळी, बुधवारी पान पाठपोट भरलेलं.

तेव्हा, म्हणजे एकोणीसशे सत्तरच्या आसपास, मी कॉव्हेंट्रीतल्या एका टेक्निकल कॉलेजात केमिस्ट्री लॅबचा टेक्निशियन होतो. तिथे बुधवारी दुपारी तास नसत, ती दुपार खेळांची. आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम कॉलेजांच्या बुधवार लीगमध्ये खेळायची आणि ती बघायला टचलाइनवर आम्ही तीन मराठी माणसं नेमाने उभे असायचो. एक मी. दुसरा सबनीस, हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. तिसरा सॅम्युएल दिवेकर, मोटारीच्या कारखान्यात टर्नर. तिघेही चाळिशी ओलांडलेले, त्यामुळे अरे-तुरेतले. आमच्याखेरीज प्रेक्षक म्हणजे कुत्रा फिरवायला आलेली एक बाई. कुत्रा हाफ-टाइमला कंटाळायचा.

दिवेकर मूळचा अलिबागकडचा, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू. वाढला मुंबईत, तिथे वर्कशॉपच्या टीममध्ये लेफ्ट-हाफ खेळलेला. फुटबॉलचं वेड रक्तात. पण इंग्लंडात सगळा फुटबॉल शनिवारी दुपारी, आणि दिवेकरच्या घरात शनिवार पाळायचा. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत काम नाही, बस नाही, मॅच नाही. राहिला बुधवार. सकाळची शिफ्ट दोनला सुटली की हा तसाच तेलकट हातांनी ग्राउंडवर. म्हणजे अख्ख्या इंग्लंडातला त्याच्या वाट्याला आलेला फुटबॉल होता आमच्या टीमचा, आणि आमची टीम दोन वर्षं ओळीने शेवटची आलेली.

अशात त्या सीझनच्या सुरुवातीला कॉलेजच्या बोर्डावर लीगचं पत्र लागलं. दहा टीम्समधली दहावी येईल ती बुधवार लीगमधून बाहेर, पुढच्या वर्षी तिने शनिवारच्या ज्युनियर लीगमध्ये खेळायचं.

दिवेकरने पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाला, "म्हणजे यंदा नववं आलंच पाहिजे."

पहिलीच मॅच आम्ही पाच-शून्यने हरलो.

*

दिवेकरचा फोरमन बर्ट हा भला माणूस. शहराच्या मोठ्या टीमच्या मॅचचं एक जादा तिकीट त्याच्याकडे आलं, ते त्याने दिवेकरपुढे धरलं. दिवेकर नको म्हणाला. बर्टला वाटलं, याला संकोच वाटतोय. त्याने समजावलं, अरे, तुला काही करायचं नाहीये, नुसतं बसायचंय.

दिवेकर म्हणाला, "बर्ट, आमच्यात शनिवारी काही न करण्याचेही नियम आहेत."

शेवटी त्या तिकिटावर बर्टची सासू मॅच बघून आली. पण सोमवारी चहाच्या सुट्टीत बर्टने बेंचवर बावीस नट मांडले, एक बेअरिंगची गोळी घेतली आणि सगळी मॅच दिवेकरला खेळून दाखवली. चारही गोल, दोनदा दोनदा.

बुधवारी दिवेकरने अर्धा तास आमच्या टीमला निरखून बघितलं. मग हळूच म्हणाला, "नट जास्त हलत होते."

*

लीगचं टेबल गुरुवारच्या संध्याकाळच्या पेपरात बारीक टाइपात यायचं. ते कापून मी डायरीत चिकटवत असे. नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी टेबलात आमचं नावच दिसेना. मोजलं तर नऊच टीम्स. दिवेकरला आशा वाटली. एखादी टीम रद्द झाली असेल, नियम बदलला असेल, कोणी सांगावं.

सबनीसने हॉस्पिटलातून पेपरच्या ऑफिसला फोन लावला. डॉक्टर बोलतोय म्हटल्यावर पलीकडचा माणूस अदबीने बोलला. सॉरी सर, म्हणाला, जागा कमी पडली म्हणून शेवटची ओळ काढावी लागली.

सबनीस चिडला. असं कसं, लोकांनी समजायचं काय?

तो म्हणाला, "सर, तक्रारीचा तुमचाच पहिला फोन. बाकीच्यांना बहुतेक नाव पाठ असावं."

*

पॉइंट सारखे झाले तर त्या काळी गोल ॲव्हरेज बघत. केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं. भागाकार माझ्याकडे असे. ख्रिसमसच्या सुमाराला आम्ही अकरा केले होते आणि चव्वेचाळीस खाल्ले होते. भागून पाव.

सबनीसला आकड्यांचा नाद. एका संध्याकाळी माझ्या घरी बसून त्याने एक शोध लावला. एक-शून्य असं अब्रूने हरलो तर ॲव्हरेज उतरतं. पण तीन गोल करून सहा खाल्ले, तर हरूनही ते चढतं! मी तीनदा भागून बघितलं. खरंच चढत होतं.

"म्हणजे हरायचंच असेल तर दणकून हरावं," सबनीस म्हणाला. "पण तीन गोल करून."

पुढच्या बुधवारी मॅचआधी त्याने हे आमच्या कॅप्टनला, कॉलिनला, कागदावर मांडून दाखवलं. कॉलिन प्लंबिंग शिकणारा लाल केसांचा मुलगा. त्याने शांतपणे ऐकलं, मान डोलावली, टीमला गोळा करून समजावलंही.

आम्ही सहा-शून्यने हरलो.

कॉलिन चिखल पुसत सबनीसकडे आला. म्हणाला, "डॉक्टर, अर्धा प्लॅन जमला."

*

टीम वाईट होती असं मी म्हणणार नाही. ती पुरी कधी नसायची. बहुतेक मुलं कारखान्यातले अप्रेंटिस. आठवड्यातला एक दिवस त्यांना कॉलेजसाठी सोडत, आणि काम वाढलं की पहिला तोच दिवस कापला जाई. मग अकराऐवजी नऊ, कधी आठ. टेरी नावाचा आमचा एकमेव गोल करणारा फॉरवर्ड तर दर दुसऱ्या बुधवारी मशीनवर.

फेब्रुवारीत कारखान्यात संप झाला. त्या बुधवारी मैदानावर अकरा माणसं! शिवाय दोन जादा. आम्ही तीन-एकने जिंकलो. पुढच्या बुधवारी ड्रॉ, त्यापुढच्या बुधवारी पुन्हा जिंकलो. संपात दिवेकर स्वतःही घरी बसलेला, घर कसंबसं चाललेलं, तरी मैदानावर गाणं गुणगुणत यायचा.

चौथ्या आठवड्यात संप मिटला. मी आणि सबनीस मुद्दाम त्याच्या घरी गेलो. दार एस्तेरवहिनींनी उघडलं. दिवेकर आत खिडकीशी तोंड पाडून बसलेला. सबनीसने विचारलं, काय वहिनी, बरं नाही का याला?

"बरा आहे," वहिनी म्हणाल्या. "सगळी गल्ली पबमध्ये नाचतेय. संप मिटल्याचं सुतक पाळणारा एवढा एकच."

*

आमच्या ग्राउंडच्या कुंपणापलीकडे दफनभूमीचा रस्ता होता. शववाहिनी जाताना दिसली की रेफरी शिटी वाजवायचा, खेळ थांबायचा, टोप्या उतरायच्या, गाडी वळणाआड गेली की पुन्हा सुरू. तिथली रीतच ती, आम्हालाही सवयीची झालेली.

मार्चमध्ये एकदा आम्ही सात-शून्यने मागे असताना गाडी आली. थंडी हाडात शिरणारी, वरून बारीक गारा. सगळे उभे राहिले. गाडी गेली, खेळ सुरू झाला. सबनीसची टोपी मात्र हातातच.

दिवेकरने त्याला कोपराने ढोसलं. "डॉक्टर, घाल की टोपी. ते गेले."

सबनीस मैदानाकडे बघत म्हणाला, "हे राहिलेत अजून."

*

शेवटच्या मॅचच्या आधीच्या रविवारी आम्ही दिवेकरकडे जमलो. संपातल्या पॉइंटांनी वर आलो होतो. नवव्या टीमचे आणि आमचे पॉइंट सारखे, गोल ॲव्हरेज त्यांचं बरं. त्यांच्या मॅच संपलेल्या, आमची एक बाकी. म्हणजे एक ड्रॉ पुरे होता. पण मॅच होती टेकडीवरच्या कॉलेजशी. एकाच गावातले, पिढीजात वैरी. मी डायऱ्या चाळून बघितल्या, सात वर्षांत आम्ही त्यांच्याशी एकदाही बरोबरी केलेली नव्हती. ते तिसरे होते. हरले काय, जिंकले काय, त्यांना फरक नव्हता. पण आम्हाला हरवण्याची गोडी त्यांना वेगळीच.

सबनीसने सगळं मांडून पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. मग दिवेकरला म्हणाला, समज, टीम शनिवारच्या लीगमध्ये गेली. ग्राउंड तुझ्या घरापासून चालत वीस मिनिटं. बस नाही, तिकीट नाही, पैशाला हात नाही. नुसतं उभं राहून बघायचं. मोडतं कुठे?

दिवेकरने विचार केल्यासारखं केलं. "शनिवारी कष्टाचं काम करायचं नाही," तो म्हणाला. "आपली टीम बघण्याएवढं कष्टाचं काम दुसरं कुठलं?"

आम्ही हसलो. सबनीस सोडेना. इथे तुला कोण बघतंय, म्हणाला.

दिवेकर जरा वेळ चहा ढवळत बसला. मग म्हणाला, "माझ्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद. गिऱ्हाईक दारातून परत जायचं. गावात आम्हाला नावच शनवार तेली. आता घाणा नाही, गाव नाही, तेलही इथे बाटलीत मिळतं. एवढा शनिवारच तेवढा राहिलाय, डॉक्टर."

वहिनींनी न विचारता सगळ्यांच्या कपांत पुन्हा चहा ओतला.

*

त्या बुधवारी वहिनीसुद्धा आल्या, पहिल्यांदाच. घडीचं स्टूल आणि गुडघ्यावर ब्लँकेट घेऊन टचलाइनवर बसल्या.

अशा लीगमध्ये लाइन्समन बाहेरून येत नाहीत. दोन्ही टीम्स आपापला एक माणूस देतात. आमचा झेंडा एक लेक्चरर धरायचे. ते नेमके फ्लूने पडलेले. कॉलिनने आम्हा तिघांकडे बघितलं. माझा चष्मा जाड, सबनीसला कधीही हॉस्पिटलचं बोलावणं येणार. झेंडा दिवेकरच्या हातात गेला. देताना कॉलिनने एक डोळा मिटला. त्याचा अर्थ मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत होता. लाइन्समनचा झेंडा आपल्या टीमविरुद्ध वर जात नाही. त्यांच्या लाइन्समनने पहिल्या हाफमध्ये ऑफसाइडचा, म्हणजे पास निघतानाच माणूस बॅकच्या मागे असल्याचा, झेंडा दाखवून आमच्या दोन चढाया अडवल्या, त्यातली एक आमचा माणूस मैदानाच्या आमच्याच अर्ध्या भागात, जिथे ऑफसाइड नसतोच, तिथे असताना. कोणी तक्रार केली नाही. रीतच ती.

हाफ-टाइमला आम्ही एक-शून्य मागे. संत्र्यांच्या फोडी वाटल्या गेल्या, दिवेकरने घेतली नाही.

दुसऱ्या हाफमध्ये आमची चढाई दिवेकरच्या बाजूला आली. चिखल घोट्यापर्यंत. मुलं इतकी जीव तोडून खेळताना मी कधी बघितली नव्हती. बॉल एकदा बारला लागला, एकदा गोलकीपरच्या गुडघ्याला. पाच मिनिटं राहिली. मग तीन.

कॉलिनने मधून लांब पास दिला. टेरी बॅकच्या मागे एकटाच होता. वळला आणि त्याने मारला. जाळी हलली.

सबनीसने टोपी वर भिरकावली. वहिनी ब्लँकेटसकट उभ्या राहिल्या. मी काय ओरडलो मला आठवत नाही, डायरीतही नाही. मुलं टेरीच्या अंगावर पडली. रेफरी, नोकरीतून निवृत्त झालेला वयस्कर पोस्टमन, गोल दिल्याची खूण म्हणून सेंटरकडे हात करायला निघाला आणि जाता जाता सवयीने त्याने लाइनकडे बघितलं.

दिवेकरचा झेंडा वर होता.

हात ताठ, नजर समोर. कॉलिन धावत त्याच्याकडे गेला, काय काय बोलला. टेरी नुसताच कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सबनीस माझ्या कानाशी पुटपुटत होता, खाली कर, सॅम, खाली कर. झेंडा खाली आला नाही. रेफरीने शिटी वाजवली, गोल रद्द केला, बॉल त्यांच्या गोलकीपरला दिला. दोन मिनिटांनी मॅच संपली.

टेकडीवरचे गाणी म्हणत बसकडे गेले. आमची मुलं आमच्याकडे न बघता निघून गेली. वहिनींनी स्टूलची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा घडी केली.

रेफरी आमच्याकडे आला. छातीपासून गुडघ्यापर्यंत चिखल. चष्म्याच्या काचा अंगठ्याने पुसत त्याने दिवेकरला सांगितलं की, पास निघाला तेव्हाच माझा पाय घसरला, मी पालथा पडलो. वर बघितलं तर बॉल जाळीत. मला काहीच दिसलं नव्हतं, तुम्ही झेंडा उचलला नसता तर मी गोल दिला असता.

दिवेकरने झेंडा काठीला गुंडाळून त्याच्या हातात दिला.

"तुम्ही पडलात," तो म्हणाला, "ते मला दिसलं होतं."