सरांच्या कॉम्प्युटरचं घड्याळ

या ग्रुपवर तुम्ही सगळे भुताखेतांचं लिहिता ते मी दुपारी भाजी निवडता निवडता वाचते आणि हसते, हे आधीच सांगून टाकते. राग मानू नका. माझ्या आईला चिंचेखाली कोण कोण दिसायचं, आणि वडील म्हणायचे, "नीट बघ, शेजाऱ्याची म्हैस आहे ती." मी वडिलांवर गेले. मेलेलं माणूस अल्लाकडं जातं, परत येऊन आपल्या घरातली बटणं दाबत बसत नाही... असं मी ठामपणे सांगत आले. अजूनही तेच सांगते. फक्त आता सांगताना मध्ये जरा थांबते.

माझं शिक्षण फार नाही. मोबाइलवर मराठी टाइप करायला माझी मीच शिकले, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. घरी आम्ही दखनी बोलतो, पण तुम्हाला कळावं म्हणून बोलणंही मराठीतच लिहिते.

आम्ही परंड्याचे. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत माझ्या मिस्टरांचा क्लास होता – आधी टायपिंगचा, मग कॉम्प्युटरचा. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, ऐकून ऐकून मीपण सरच म्हणायला लागले. त्यांना जाऊन काही वर्षं झाली. क्लासचे बाकीचे कॉम्प्युटर देऊन टाकले, एक ठेवला. चालू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. त्याला मी जुन्या दुपट्ट्याचं कव्हर शिवून घातलंय.

सरांना एक खोड होती. घरातलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवायचे. तरुणपणी त्यांची कुर्डूवाडीची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली, तिथून पुढची रेल्वे चुकली, आणि रेल्वेबरोबर नोकरीची मुलाखतही. तेव्हापासून भिंतीवरचं, मनगटावरचं, कॉम्प्युटरमधलं, सगळं पुढं. मी म्हणायची, "अहो, दहा मिनिटं पुढं आहे हे सगळ्यांना माहितीय, मग उपयोग काय?" तर म्हणायचे, "पायांना माहिती नाही ना."

आणि कॉम्प्युटरच्या तारखेला त्यांनी कुलूप लावलं होतं. क्लासची पोरं लई हुशार – गेमची मुदत संपली की तारीख मागं करायची आणि परत खेळत बसायची. म्हणून सरांनी असं करून ठेवलं की पासवर्ड टाकल्याशिवाय तारीख-वेळ हलणारच नाही. पासवर्ड कुणाला सांगितला नाही. मलाही नाही. मी कुठं गेम खेळणार होते.

आता मूळ गोष्ट. माझी मुलगी नसरीन पुण्याला एका कंपनीत आहे, जावई सौदीला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती इथं आलेली. बाळ दिवस भरायच्या आधी झालं. एवढंसं, मांजराच्या पिल्लागत. डॉक्टरांनी बजावलं होतं – अजून दोन-तीन महिने प्रवास नको, वजन भरू द्या. आणि इकडं तिची रजा संपली, नोकरी नवी म्हणून थोडीच मिळालेली. ऑफिसनं आधी नाही म्हटलं, मग साहेबांनी कसंबसं मान्य केलं: सोमवारी दुपारी बाराच्या मीटिंगला घरून लॉगिन झालात तर घरून काम करा. नाही जमलं तर पुण्याला येऊन बसा, नाहीतर राजीनामा द्या. पुण्यात तिच्या खोलीवर बाळाला धरायला कोण? आणि नोकरी सोडावी तर दोघांच्या पगाराच्या हिशेबानं घरखर्चाचं सगळं ठरलेलं.

रविवारी संध्याकाळी दुधाची बाटली लॅपटॉपवर सांडली. पूर्ण. लॅपटॉप गप्प झाला तो झालाच. मग सोमवारी सकाळी सरांच्या कॉम्प्युटरवरचं कव्हर निघालं.

इंटरनेट लागलं. पण ऑफिसात शिरायला VPN म्हणून एक असतं, ते काही केल्या लागेना. गोल गोल फिरायचं आणि लाल अक्षरात एरर. नसरीननं ते काढून परत टाकलं. जुन्या कॉम्प्युटरला चालणारं म्हणून दुसरं टाकलं. घरचं नेट बंद करून मोबाइलचं नेट दिलं. अँटीव्हायरस बंद केला. शेवटी ऑफिसच्या हेल्पडेस्कला फोन, स्पीकरवर.

तिकडच्या बाई म्हणाल्या, "सिस्टम किती जुनी आहे, मॅडम?"

मी मागून म्हणलं, "आमच्या नसरीनपेक्षा थोडी लहान."

"अम्मी, तुम्ही गप्प बसा ना जरा."

बाई हसल्या, पण कामाच्या होत्या. म्हणाल्या, "खाली कोपऱ्यात तारीख काय दिसते?" बघितलं तर कुठल्या तरी जुन्या वर्षातला जानेवारी. तेव्हा नसरीनचं लग्नही झालं नव्हतं. मग बाईंनी समजावलं ते मला कळलं ते असं: ऑफिसच्या दारात वॉचमन असतो, तो ओळखपत्र बघतो. ओळखपत्र आहे आत्ताचं, आणि तुमचं घड्याळ म्हणतंय साल जुनं. म्हणजे घड्याळाच्या मते ते ओळखपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. कसं सोडणार? "तारीख बरोबर करा, लगेच लागेल," म्हणाल्या.

तारखेवर क्लिक केलं आणि आलं सरांचं कुलूप. पासवर्ड टाका.

आम्ही काय काय टाकलं. नसरीनचं नाव, माझं नाव, क्लासचं नाव, लग्नाची तारीख, सरांच्या स्कूटरचा नंबर. अगदी बकरीचं नावपण टाकलं, त्यांची लई लाडकी होती. काही न्हाय. दुरुस्तीवाल्या बसवराजला फोन लावला, तो सरांचाच विद्यार्थी. तो म्हणाला, "काकू, आतला घड्याळाचा सेल मेलाय. लाइट गेली की तारीख मागंच जाणार. म्या बार्शीला हाय, उद्या सकाळी येतो, सेल बी बदलतो, कुलूप बी काढतो."

"आरं, उद्याचं काय करू? आज बाराला मीटिंग आहे."

"आज न्हाय व्हायचं, काकू."

नसरीन उठली. आतल्या खोलीत गेली आणि बाळाचे कपडे बॅगेत भरायला लागली. मी दारात उभी. म्हणलं, "एवढ्याशा जिवाला घेऊन एसटीनं जाणार?" ती म्हणाली, "मग काय करू, अम्मी, तुम्हीच सांगा."

मी परत पुढच्या खोलीत आले. हातात फडकं होतं, सवयीनं कॉम्प्युटर पुसायला लागले. आणि तोंडातून निघून गेलं – "सर, पोरीचं काम अडलंय. तेवढं बघा." यात दुआ-बिआ काही नव्हती. सर असताना दिवसातून दहा वेळा मी हेच म्हणायची, गॅस संपला तरी, नळ गळला तरी.

लाइट गेली. आमच्याकडं जाते, त्यात नवल नाही. कॉम्प्युटर फट्‌कन बंद. थोड्या वेळानं आली. मी आपलं बटण दाबलं, आवाज तरी येऊ दे घरात म्हणून. घरघर सुरू झाली, पडदा उजळला. मला डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून हाक मारली, "नसरीन, खाली काय आलंय बघ गं."

ती बाळाला खांद्यावर घेऊन आली. वाकून बघितलं आणि तशीच राहिली.

"अम्मी, पासवर्ड सापडला?"

"कुठला? मी नुसतं बटण दाबलं."

"मग तारीख कुणी बदलली?"

तारीख आजची होती. महिना, साल, सगळं बरोबर. वेळ... नसरीननं मोबाइल शेजारी धरला. कॉम्प्युटर दहा मिनिटं पुढं होता.

तिनं मोबाइल खाली ठेवला. मग ती म्हणाली, "आधी मीटिंग." बाळ माझ्याकडं दिलं, खुर्ची ओढली आणि VPN वर क्लिक केलं. गोल फिरलं, हिरवं झालं. लागलं. मी बाळाला घेऊन आत गेले आणि बॅग परत उघडली. बाळाचे कपडे एकेक करून परत कपाटात ठेवले.

दिवसभर ती काम करत होती आणि मी पंख्याकडं बघत होते, लाइट जाते का. गेली नाही.

दुसऱ्या दिवशी बसवराज आला. सेल काढून मीटर लावलं – ठार मेलेला, कडेला हिरवं चढलेलं. आमच्यासमोर प्लग काढून परत लावला, तर तारीख परत त्या जुन्या जानेवारीत. कुलूपही जागेवर. मी झालेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नेटवरनं वेळ घेतली आसंल, काकू."

"मग आत्ता का घेत नाही? आणि नेटचं घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं का?"

त्यानं डोकं खाजवलं. घरातलं दुसरं कुठलंच घड्याळ पुढं नव्हतं, हेही सांगते. भिंतीवरचं सर गेल्यावर बंद पडलं होतं, ते नसरीननं मोबाइल बघून लावलेलं. म्हणजे दहा मिनिटं आली ती घरातून आली नाहीत. बसवराज म्हणाला, "मला बी उलगडंना. सर असते तर त्यान्लाच इचारलं असतं." आणि स्वतःच हसला, मग हसायचं थांबला.

त्यानं कुलूप काढलं, नवीन सेल घातला आणि म्हणाला, "टाइम मोबाइलपरमानं लावू न्हवं?"

मी काही बोलायच्या आत नसरीन म्हणाली, "दहा मिनिटं पुढं लावा."

आता बाळाचं वजन भरलंय, मांडीवर घेतलं की हात दुखतो. कंपनीचा नवीन लॅपटॉप आलाय, तरी जुना कॉम्प्युटर आहे तिथंच आहे. मी कुणा मौलानांना विचारलं नाही, कुणा इंजिनिअरला पटवत बसले नाही. तुमच्यात कुणी कॉम्प्युटरचं जाणणारं असेल आणि मेलेल्या सेलवर, बंद कुलुपात वेळ कशी आली याचं कारण माहीत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. नाही सापडलं तरी माझी तक्रार नाही. एकदा एसटी चुकलेला माणूस होता तो. लेकीची चुकू दिली नाही, एवढंच मला दिसलं.