कलारीपुढं उभी केलेली गाडी

बालाघाटात माणसाच्या आधी त्याची गाडी ओळखतात. माझी मोटरसायकल तं आख्ख्या मोहल्ल्याले पाठ. बँकेपुढं दिसली तं मी बँकेत, अन् कलारीपुढं दिसली तं दारूच्या दुकानात. तिसरा अर्थ कोणी काढत नाही.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी गाडी घेऊन नुसता फिरून राह्यलो होतो. बसस्टँड, तिथून चौक, परत बसस्टँड. दारू सोडणाऱ्यांची बैठक शाळेमागच्या एका खोलीत भरते, असं मले दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलं होतं. कोणती शाळा तेही सांगितलं असन, पण माझं डोकं तेव्हा ठिकाणावर कुठं होतं! अन् विचारू कोणाले? पानवाल्याले विचारलं तं पान लावून होईस्तोवर गोष्ट भरवेलीच्या खाणीपर्यंत पोचते.

बायकोले काही सांगितलं नव्हतं. देवाची शपथ, पोरीची शपथ, सगळ्या वापरून झाल्या होत्या. अन् मागच्या आठवड्यात ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली होती, "आता एकदा जरी पेले, तं मी लामत्याले भावाकडं चालली. मंग बोलवाले येऊ नोका." ओरडली असती तं मी एवढा घाबरलो नसतो. म्हणून ठरवलं, यावेळी आधी करायचं, मंग सांगायचं.

शेवटी शाळा सापडली. खोलीच्या दारात चपला दिसल्या अन् मी ब्रेक दाबला. गाडी इथं लावू? समोर चहाची टपरी, अन् टपरीवर आमच्या ऑफिसातले दोघं! उद्या फायलीच्या आधी हीच गोष्ट टेबलावर आली असती. मी गाडी तशीच पुढं काढली अन् दोन गल्ल्या सोडून कलारीपुढं, माझ्या नेहमीच्या जागी, उभी केली. तिथं ती कोणाले खटकत नव्हती. आतून एकानं हात केला, "आओ साहब, आज लेट हो गए!" मी मागच्या बोळीतून अक्षरशः पळत सुटलो, अन् टपरीकडून तोंड लपवत खोलीत शिरलो.

खोलीत बसाले दरी, म्हणजे सतरंजी, टाकली होती. एकेक जण उठे, म्हणे, "मी बेवडा आहो," अन् आपली गोष्ट सांगे. नाव सांगायची सक्ती नाही, अन् इथं दिसलेला माणूस बाहेर ओळखायचा नाही, हा नियम. माझी पाळी आली तं मी नाही अशी मान हलवली. बाजूचा म्हातारा पाठीवर हात ठेवून म्हणे, "राहू दे, पुढच्या वेळी." मांडी बदलून बदलून गुडघे दुखाले लागले. हाताले चाळा म्हणून खिशातली इलायची काढली. एक झाली का दुसरी. दारूचा वास माराले ती माझ्या खिशात बारा महिने असे.

बैठक सुटल्यावर कलारीशी आलो, तं गाडीपाशी बायको उभी! हातात कपड्यांची पिशवी. शेजारणीनं फोन केलता, भाऊजीची गाडी लागली म्हणून.

"हा करा," ती म्हणाली. रोज घरात पाय टाकायच्या आधी हेच. मी तोंड उघडायचं, तिनं वास घ्यायचा. मी खुशीनं मोठा हा केला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मले भेव नव्हतं.

तिचा चेहरा उतरला. "इलायची," ती म्हणाली, अन् लामत्याच्या बससाठी बसस्टँडकडं चालाले लागली.

अरे देवा! मी तिच्या मागं धावलो. "बैठकीले गेलतो वं, दारू सोडाच्या! चाल, दाखवतो."

"हे नवीन काढलं," ती म्हणाली. पण आली.

खोलीपुढं तोच म्हातारा दरी झटकत होता. बायकोनं विचारलं, "दादा, हे आत्ता इथं होते का?"

त्यानं माझ्याकडं चांगलं निरखून पाहिलं. "नाही बाई. मी नाही ओळखत यांले."

असा संताप आला मले! याच माणसाचा हात आत्ता माझ्या पाठीवर होता. मंग ध्यानात आलं, तो नियम पाळून राह्यला, अन् माझ्यासाठीच पाळून राह्यला. बायकोनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली अन् वळली.

"मी बेवडा आहो!" मी ओरडलो. टपरीवाल्याचा हात गाळणीवर तसाच राह्यला. ऑफिसातले ते दोघं अजून तिथंच होते, उठून उभे झाले. "बेवडा आहो मी, दादा! अन् आज पेलो नाही, इथंच बसलो होतो. आता तरी सांगा तिले!"

म्हाताऱ्यानं दरी खाली ठेवली. "हौ बाई, होते. आत नाही बोलले, ते बाहेर बोलले."

बायकोचे डोळे भरले होते, पण आवाज कडक. "मंग गाडी तिथं काहून ठेवली?"

"इथं ठेवली असती तं लोकांनी पाहिली असती."

"वा रे शहाणे! अन् तिथं काय आंधळे राह्यतेत?"

मी खिशातली गाडीची चाबी चाचपत राह्यलो.

"पुढच्या मंगळवारी इथंच ठेवजा. दारापुढं," ती म्हणाली अन् पिशवी माझ्या हातात दिली. पिशवी जड होती. मे महिना चालू होता, अन् तिनं आत आपला स्वेटर भरला होता.