दहापासून धरलेला टेप

दोन हजार साल उजाडण्याआधीच्या मार्च महिन्यात, एका सोमवारी सकाळी टेपवाले काका महापालिकेच्या विभागीय कार्यालयात गेले आणि आमच्या कॉलनीतल्या बावीस घरांची मापे चुकल्याचे पत्र देऊन आले. पत्रात दोनच वाक्ये होती. "मापे मी घेतली. चूक माझी आहे." खाली सही आणि सोबत बावीस घरमालकांच्या नावांची यादी. पत्राच्या प्रतीवर त्यांनी पोच म्हणून शिक्का मारून घेतला. आठच दिवसांपूर्वी याच बावीस घरांचे, घरपट्टी कमी करण्याचे अर्ज त्यांनी स्वतः याच खिडकीवर दिले होते. या पत्राची कल्पना घरमालकांपैकी कुणालाही नव्हती.

ते असे का वागले, याची त्या आठवड्यात कॉलनीत चार-पाच उत्तरे फिरत होती. त्यांतली कोणतीही दोन एकमेकांशी जुळत नव्हती.

आमची कॉलनी सातपूरच्या पलीकडे, एकाला एक चिकटलेल्या रो-हाउसची. राहणारे बहुतेक कारखान्यांत पाळीने जाणारे. काकाही एका इंजिनीअरिंग कारखान्यात तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजायचे, मापात बसले तर पुढे पाठवायचे, नाही बसले तर लाल खूण करायची, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केले. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याची सगळी मापनयंत्रे त्यांनी मोजून परत केली. स्टीलचा टेप स्वतःचा होता, तो घरी आणला. इतर माणसांच्या शर्टच्या खिशात पेन असते तिथे त्यांच्या खिशात टेप असे. लग्नाला जातानाही असे. काकू म्हणत, "माझं मंगळसूत्र आणि ह्यांचा टेप, दोन्ही एकदमच उतरायचे."

टेप ते कधीही शून्यापासून धरत नसत. दहा सेंटिमीटरची रेघ भिंतीच्या कडेला आणत, पुढचे माप वाचत आणि त्यातून दहा वजा करत. कारण विचारले तर सांगत, "टेपचं टोक सारखं आपटतं. जे सारखं आपटतं त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. दहापासून पुढं तो खरं बोलतो." हा नियम कॉलनीत सगळ्यांना पाठ होता.

शेजारचे निकमभाऊ त्यांचे वीस वर्षांचे दोस्त. मूळचे चांदवडकडचे, घरचा कांदा, स्वतः कारखान्यात फिटर. त्यांनी एकदा मुलीच्या लग्नासाठी सागवानी कपाट आणले आणि ते दारातून आत जाईना. काका बाहेर आले, आधी दार मोजले, मग कपाट मोजले आणि म्हणाले, "निकम, हे दुकानातच कळलं असतं." निकमभाऊ म्हणाले, "काका, दुकानात तुम्ही नव्हते ना. आता दार फोडू का कपाट?" शेवटी चौकट काढली. त्यानंतर कॉलनीत फ्रीज आला, दिवाण आला, तर काकांना आधी बोलावणे जाई. ते येत, मोजत, चहा घेत. याचे पैसे कधी कुणाकडून घेतले नाहीत, आणि कुणी देऊ केले तर रागावत.

दुसरी त्यांची सवय खिडकीची. कोणत्याही कार्यालयात काम असले की ते मधल्या माणसाकडे जात नसत, सरळ खिडकीवर जाऊन विचारत. एकदा विचारून समजले नाही तर रांगेत पुन्हा शेवटी उभे राहत आणि पुन्हा विचारत. रेशनकार्ड, वीजमीटर, पेन्शन, सगळे त्यांनी असेच केले. "खिडकीला तोंड असतं," ते म्हणत. "आपणच विचारत नाही आणि मग दुसऱ्याच्या तोंडाचे पैसे भरतो."

त्या वर्षी नव्या घरपट्टीची बिले आली आणि कॉलनीत गोंधळ उडाला. रक्कम का वाढली ते कुणालाच कळेना. कुणी म्हणाले दर वाढला, कुणी म्हणाले गच्चीही धरली. दोन दिवसांत एक गृहस्थ स्कूटरवरून आले. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये छापील फॉर्म होते. त्यांचे म्हणणे असे की ठरावीक रक्कम आगाऊ दिली तर ते घरपट्टी निम्मी करून देतील, आणि पुढच्या वर्षी पुन्हा थोडी दिली तर ती निम्मीच राहील. कॉलनीने त्यांचे नाव सवलतवाले ठेवले.

सवलतवाले निकमभाऊंच्या ओट्यावर बसले होते तेव्हा काका तिथे गेले. मीही होतो. मी तेव्हा एका दैनिकात संध्याकाळपासून कामाला असे, त्यामुळे दुपारी मोकळा.

"कशी निम्मी करणार?" काकांनी विचारले.

"ते आमच्यावर सोडा, काका. प्रोसिजर असते. असेसमेंट, व्हॅल्युएशन, अपील. तुमचं काम नाही ते."

"मोजणार कोण?"

"मोजायचं काय त्यात?"

काका उठले. "ज्याला मोजायचं नाही," ते निकमभाऊंना म्हणाले, "तो निम्मं कशाचं करणार?"

निकमभाऊ हसले, पण हातात घेतलेले फोल्डर त्यांनी परत केले नाही. "काका, लय डोकं लावू नका. ह्यो माणूस करतो म्हणतोय, करू द्या. आपल्याला कुठं सुट्टी मिळती रांगेत उभं राहायला?"

"मला रोजच सुट्टी आहे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते खिडकीवर गेले. दोनदा रांगेत उभे राहिले. संध्याकाळी येऊन त्यांनी जे सांगितले ते साधे होते. बिल्डरने मंजुरीच्या नकाशात प्रत्येक घराला मागे एक खोली दाखवली होती. ती त्याने बांधलीच नव्हती. घरांची नोंद नकाशावरून झाली होती, म्हणून प्रत्येकजण नसलेल्या खोलीची पट्टी भरत होता. उपायही खिडकीवरच कळला होता. मुदतीत साध्या कागदावर हरकतीचा अर्ज द्यायचा, सोबत घराची खरी मापे. मग पाहणीला माणूस येईल, मोजेल आणि सुनावणी होईल. या कामाला कुणालाही काही द्यावे लागत नव्हते.

बावीस घरांनी सवलतवाल्यांना नाही सांगितले. निकमभाऊंनीही सांगितले. त्यांचे वाक्य होते, "काकाच्या शब्दावर चाललोय. हुकलं तर काकाच भरतील."

मोजणी आठवडाभर चालली. काका भिंतीशी टेप धरत, ज्याचे घर तो दुसरे टोक पकडे, आणि वही माझ्याकडे असे. पहिल्या दिवशी काकांनी मला दहाचा नियम पुन्हा समजावून सांगितला. मी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवले, "दहा वजा." ते आकडा म्हणत, मी लिहीत असे. खोलीमागून खोली, घरामागून घर. लोक चहा आणत, कुणी पोहे. एका घरात आजींनी विचारले, "मोजून घर लहान होतं का रे?" काका म्हणाले, "घर तेवढंच राहतं आजी, कागद लहान होतो." त्या घरात सगळे बराच वेळ हसत होते. काकांना ते वाक्य पुढे पुष्कळदा ऐकवले गेले.

वहीतून अर्ज मी उतरवले. काकांनी प्रत्येकावर घरमालकाची सही घेतली आणि एका गठ्ठ्याने ते खिडकीवर दिले.

त्यानंतरच्या शनिवारी काकूंना स्वयंपाकघरात दोन भिंतींच्या मध्ये एक फळी हवी होती. काका सुताराकडे निघाले. घराचे माप नुकतेच घेतलेले, अर्जाची प्रत हाताशी. त्यांनी कागदावरचा आकडा सुताराला दिला. पुढे काकूंनी सांगितले की हे आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच केले, भिंत न मोजता कागदावरून माप दिले. फळी आली आणि दोन भिंतींच्या मध्ये बसेना. दहा सेंटिमीटरने तोकडी होती.

"आठवड्यात भिंती सरकल्या का काय?" काकू म्हणाल्या.

काकांनी खिशातला टेप काढला. त्यांनी भिंत मोजली. मग बाहेरची खोली मोजली. मग निकमभाऊंच्या घरी जाऊन काही न सांगता त्यांची खोली मोजली. प्रत्येक ठिकाणी कागदापेक्षा दहा जास्त. रविवारी दुपारी ते माझ्याकडे आले आणि वही मागून घेऊन गेले. मी कशाला म्हणून विचारले. "बघतो जरा," ते म्हणाले. सोमवारी त्यांनी पत्र दिले.

मंगळवारी संध्याकाळी लोक मारुतीच्या पारावर जमले. पहिली पाळी सुटलेली होती. काही जण कारखान्याच्या कपड्यांतच आले होते.

"आपल्या विरुद्ध आपणच पत्र?" एकाने विचारले. "सवलतवाल्याने काय चारलं का काकांना?"

"काका, आकडे कमी होते तर होते," दुसरा म्हणाला. "पट्टी आणखी कमी झाली असती. कुणाचं काय गेलं?"

काका उभेच होते. "पाहणीला माणूस येणार. त्याचा टेप दहा जास्त दाखवणार. मग बावीसच्या बावीस खोटारडे. समोरच्या खोलीचं माप खोटं निघालं, तर मागची खोली नाहीच, हे कोण ऐकून घेईल?"

"पण चुकलंच कसं?" निकमभाऊंनी विचारले. ते रागात होते. "तीस वरसं मोजलंत. लोकांचे पार्ट रिजेक्ट केलेत. आणि आपल्याच घरात?"

"दोनदा वजा झालं. दहा आधीच वजा होते, पुन्हा वजा झाले."

"कुणी केले? वही तर ह्या पेपरवाल्याकडं होती."

"वही त्यांच्याकडं होती, तोंड माझं होतं," काका म्हणाले. "मी चुकीचं सांगितलं."

सगळे माझ्याकडे पाहत होते. काका आकडा म्हणत तो वजा केलेला की वजा करायचा, हे मी मोजणीच्या आठवड्यात त्यांना विचारले नव्हते. पारावरही मी काही बोललो नाही.

"मग तुमच्या शब्दाला काय अर्थ राहिला?" निकमभाऊ म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सवलतवाल्यांना आगाऊ रक्कम दिली. त्यांच्यामागे आणखी पाच घरांनी दिली.

उरलेल्या सोळा घरांची काकांनी पुन्हा मोजणी केली. या वेळी त्यांनी मला बोलावले नाही. वहीही दिली नाही. मोजले आणि लिहिले दोन्ही त्यांनीच. कॉलनीत काही जण हसत. एका घरात दारातच सांगितले, "काका, आता शून्यापासून मोजा म्हणजे झालं." त्यांनी ते घरही दहापासूनच मोजले.

पाहणीचा माणूस आला तेव्हा सोळाही घरांची मापे जुळली. सुनावणीत मागची खोली नोंदीतून निघाली आणि घरपट्टी तेवढ्याने कमी झाली, निम्मी नाही. निकमभाऊ आणि त्यांच्याबरोबरच्या पाच घरांची पट्टीही तेवढीच कमी झाली. त्यांचे दुरुस्तीचे अर्ज सवलतवाल्यांनी दिले होते. पुढे निकमभाऊंनी स्वतःच मला आपल्या अर्जाची प्रत दाखवली. मजकूर काकांच्या अर्जाचा होता, ओळ न ओळ. मापे काकांच्या दुसऱ्या मोजणीतल्या शेजारच्या घराची होती. घरे सारखीच असल्याने ती बरोबर ठरली.

"म्हणजे पैसे देऊन मी काकाचाच कागद इकत घेतला," निकमभाऊ म्हणाले. "हे त्यांना सांगू नका."

मी सांगितले नाही. काकांना ते माहीत होते की नव्हते, हे मला कळलेले नाही. दोघांचे बोलणे पुढची काही वर्षे बंद होते. मग निकमभाऊंच्या नातवाचा पाळणा घरात आणायचा होता, तेव्हा त्यांनी कुंपणावरून हाक मारली, "काका, टेप हाय का?" काका आले, दार मोजले, पाळणा मोजला, चहा घेतला. जुना विषय निघाला नाही.

कॉलनीत काकांचे नाव टेपवाले काकाच राहिले. चूक कशी झाली याच्या गोष्टीही राहिल्या. कुणी सांगे, उन्हाने टेप ताणला होता. कुणी सांगे, वयामुळे डोळ्यांनी दगा दिला. सवलतवाल्याने काकांना फितवले होते, असे सांगणारेही होते, आणि तेच लोक घरी फ्रीज येणार असला की काकांना बोलावत. मी कुणाचेही म्हणणे खोडले नाही.

नव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या मध्यावर काका गेले. दहाव्यानंतर काकूंनी मला बोलावून एक पिशवी दिली. "ह्यात तुमचं काहीतरी आहे असं म्हणायचे," त्या म्हणाल्या. "द्यायचं राहून गेलं."

पिशवीत ती वही होती. कोपऱ्यात माझ्या अक्षरात "दहा वजा" लिहिलेले होते. माझ्या प्रत्येक आकड्याच्या पुढे पेन्सिलने, काकांच्या अक्षरात, दहाने मोठा आकडा होता. बावीस घरे, सगळ्या खोल्या. शेवटच्या पानावर त्या सोमवारी दिलेल्या पत्राचा कच्चा मसुदा होता. त्यात तीन वाक्ये आहेत. दुसरे आणि तिसरे खिडकीवर दिलेल्या पत्रातलीच. पहिले असे आहे: "दहा वजा करून सांगितलेल्या आकड्यातून लिहिणाऱ्याने पुन्हा दहा वजा केले." हे वाक्य एका रेघेने खोडले आहे. रेघ पट्टी लावून मारलेली आहे.